तंबोऱ्याच्या पोटात काय आहे

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. एका दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर काचपट्ट्या धूत उभी होते, तर प्रयोगशाळेच्या दारात एक सत्तरीचे गृहस्थ चपला काढून उभे. डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या बाहीवर लाखेचे तांबडे डाग, हातात परदेशी तिकिटांचं जाड पाकीट.

"झाडाच्या बाई तुमीच काय?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. आमच्या शिपायाने त्यांना तसंच सांगून पाठवलं होतं. ते मिरजेचे. तंबोरे आणि सतारी करणारे. त्यांच्या गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत, तेव्हा मीही चाचाच म्हणू लागले.

पाकिटातलं पत्र इंग्रजीत होतं, ते वाचून घ्यायला चाचा आले होते. मिरजेच्या एका इस्पितळात एक ऑस्ट्रेलियन नर्स दोन-अडीच वर्षं राहून गेली होती. इथे असताना ती गाणं शिकली आणि मायदेशी परतल्यावर तिने चाचांकडून तंबोरा मागवला. चाचांनी तो भाताच्या पेंढ्यात नीट बसवून बोटीने पाठवला. त्याचं पुढे काय झालं, ते या पत्रात होतं.

मी वाचत गेले तसा माझा आवाज बारीक होत गेला. त्या देशात झाडापासून केलेली कुठलीही वस्तू आणायची तर ती काय आहे, हे आधी लिहून द्यावं लागे. या तंबोऱ्याबरोबर असा कागदच नव्हता. बंदरावर पेटी उघडली तर पेंढ्यात भाताच्या लोंब्या निघाल्या आणि भोपळ्यात जिवंत किडा. पेंढा आणि तंबोरा, दोन्ही जाळून टाकले होते. नर्सने लिहिलं होतं, मला अजूनही तंबोरा हवाच आहे, पण या वेळी सोबतचा फॉर्म भरून पाठवा.

चाचा आता संतापतील, निदान हळहळतील तरी, असं मला वाटलं. माझ्या हातून असं वाद्य झालं असतं आणि ते कुणी जाळलं असतं तर मी चार दिवस जेवले नसते. चाचांनी पत्राकडे बोट केलं.

"किडा कसला हुता, लिवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नुसतं किडा म्हटलंय."

"लिवाया पायजे हुतं," ते म्हणाले. "आनि जाळला त्ये बरंच केलं. त्यांचं रान हाय, त्यांनी जपायचं न्हाई तर कुनी?"

मग त्यांनी मला आपल्या वडिलांची हकिकत सांगितली. वडिलांनी माडीवर वर्षानुवर्षं तुणाचं लाकूड साठवलं होतं. तूण म्हणजे तंबोऱ्याच्या दांडीला लागणारं हलकं, तांबूस लाकूड. एकदा कुठल्याशा मोडीतली एक फळी चांगली दिसली म्हणून त्यांनी आणली आणि त्याच ढिगावर ठेवली. दोन वर्षांत आख्खी माडी भुंग्याने पोखरली. फळीला हात लावला की पीठ गळायचं. सगळं लाकूड नदीकाठी नेऊन जाळावं लागलं.

"येक फळी, बाई," ते बोट वर करून म्हणाले. "बाहेरनं आलेली येक फळी."

पिकांच्या रोगांवरचा पाठ मी दर वर्षी शिकवत असे. परदेशातून येणाऱ्या रोपांवर आणि बियांवर निर्बंध का असतात, याची चार कारणं मुलांकडून पाठ करून घेत असे. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्यातलं एक कारण कळलं.

फॉर्ममध्ये प्रत्येक भागाचं झाड आणि त्याचं शास्त्रीय नाव हवं होतं. त्यासाठी मी रविवारी सिटी बसने मिरजेला गेले. चाचांचा कारखाना म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. आढ्याला भोपळे टांगलेले, खाली भुसा, कोपऱ्यात सरसाचं भांडं मंद आचेवर. चाचा एकेक भाग हातात देत आणि मी नाव लिहीत असे. भीमेकाठचा भोपळा झाला लॅजेनेरिया. खुंट्यांचं शिसवी लाकूड झालं डाल्बर्जिया. तुणाचं नाव सेड्रेला टूना, असं मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी काम थांबवलं.

"टूना? म्हंजे आपला तूनच की."

"आपलाच. नाव देणाऱ्यांनी इथूनच उचललं."

"चांगलं केलं," ते समाधानाने म्हणाले.

घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, हाडाची होती. फॉर्मात हाडाबद्दलही वेगळे प्रश्न होते. चाचांनी ती काढून शिसवीची बसवायचं ठरवलं. नर्सबाईसाठी दुसरा तंबोरा तयारच होता. पॉलिश झालेला, कडेला पांढरी नक्षी, भिंतीशी टेकवून ठेवलेला. मी एकेक प्रश्न वाचत होते आणि उत्तर लिहीत होते. साल आहे का? नाही. माती? नाही. मग प्रश्न आला, आत बी किंवा जिवंत कीटक आहे का?

मी 'नाही' लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," चाचा म्हणाले.

"चाचा, भोपळा तुम्हीच साफ केलाय ना?"

"ह्यो न्हाई. तवा मी आजारी हुतो. थोरल्यानं केला." थोरला म्हणजे त्यांचा मुलगा, तो शेजारीच खुंट्या घासत बसला होता. त्याने मान वर करून सांगितलं, "साफ केलाय, अब्बा."

"केला असशील. मी बगितला न्हाई."

त्यांनी तंबोरा उचलला, भोपळा कानाशी धरला आणि हळूहळू फिरवला. थोरल्याने घासणं थांबवलं. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी तो माझ्या कानाशी धरला, तरी नाही.

"बी हाय," ते म्हणाले. "येकच हाय. पर हाय."

मी जे बोलले ते लिहिताना आजही जीभ चावावीशी वाटते. मी म्हटलं, "चाचा, एका बीने काय होतंय? आता हे उघडायचं म्हणजे सगळं काम मोडायचं. नाही लिहू आणि पाठवून देऊ. कोण बघतंय?"

ते रागावले नाहीत. "बाई, त्यांनी आपल्याला इचारलंय," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी पातळ सुरी तापवली आणि भोपळ्यावरची तबली, म्हणजे वरचं लाकडी झाकण, कडेने सोडवायला घेतली. सरस मऊ व्हायला वेळ लागत होता. दर बोटभर पुढे गेलं की थांबायचं, पुन्हा सुरी तापवायची. नक्षीची एक पट्टी तुटली तेव्हा थोरला उठून बाहेर गेला. चाचा थांबले नाहीत. तबली निघाली तेव्हा त्यांनी भोपळा उजेडाकडे वळवला. गळ्याच्या बाजूला, वाळलेल्या गराच्या एका पापुद्र्याखाली, बी होती. आणि तिच्याशेजारी चिमूटभर पीठ.

माझ्या पर्समध्ये भिंग होतं. मी पापुद्रा टाचणीने उचलला. खाली पांढरट, वाकडी अळी होती. हलत होती.

चाचांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी भोपळा दांडीपासून सोडवला आणि अंगणातल्या चुलीत घातला. तो जळेपर्यंत ते काठी घेऊन तिथेच उभे राहिले. परत आले तेव्हा थोरला दारात होता. त्याला ते रागावतील असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "लय आत हुतं रं. माज्या बी नजरंतनं सुटलं असतं." पहिल्या तंबोऱ्याचा भोपळा त्यांनी स्वतः साफ केला होता, हे मला नंतर कळलं.

नवा तंबोरा करायला तीन महिने गेले. या काळात ते दोनदा कॉलेजात आले. भुंगा कसा दिसतो, अंडी कुठे घालतो, हे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं होतं. स्टुलावर बसून, टोपी मागे सरकवून, ते एका डोळ्याने इतका वेळ पाहत की माझ्या विद्यार्थ्यांनाही स्वतःची लाज वाटे. नव्या भोपळ्याला त्यांनी पाण्यात भिजवून आतून तीनदा खरवडलं, उन्हं दाखवली, पुन्हा खरवडलं. मी भिंग लावून दोनदा तपासला. काही नव्हतं.

फॉर्मासोबत शेतकी खात्याच्या अधिकाऱ्याचा दाखलाही लागत होता. मी ओळखीने सांगलीच्या एका अधिकाऱ्यांना गाठलं. चांगला माणूस होता, पण त्या दिवसांत उसावरच्या खोडकिड्याने त्यांना वैताग आणला होता. चाचांच्या कारखान्यापाशी जीपमधून उतरले ते पेनाचं टोपण काढतच.

"कुठं सही करू?" त्यांनी विचारलं.

"आवं साहेब, आत बगा की आदी," चाचा म्हणाले.

"तुम्ही पाहिलंय, बाईंनी पाहिलंय. झालं की."

"सही तुमची हाय न्हवं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तंबोरा पूर्ण झालेला असूनही तबली नुसती वर ठेवलेली होती. चाचांनी ती चिकटवलीच नव्हती. अधिकारी पाहून जाईपर्यंत वाद्याचं पोट त्यांनी उघडं ठेवलं होतं. त्यांनी तबली उचलून बाजूला केली आणि बॅटरी पुढे केली.

अधिकाऱ्यांनी पेन खिशात ठेवलं, हात रुमालाला पुसले, आणि गुडघे टेकून भोपळ्यात डोकं घातल्यासारखं वाकून पाहिलं. बोट फिरवलं. दांडीच्या पोकळीत बॅटरी मारली. दहा मिनिटं तरी पाहिलं असेल. त्यानंतर चाचांनी त्यांच्यासमोर सरस लावून तबली बसवली, आणि तेव्हा कुठे दाखल्यावर सही झाली. जाताना अधिकारी मला म्हणाले, "बाई, आमच्या ऑफिसात असा एक माणूस पाहिजे होता."

पेंढा बाद झाला, म्हणून पेटीत काय भरायचं हा प्रश्न आला. मी कापूस सुचवला, पण फॉर्मासोबत आलेल्या बंदीच्या वस्तूंच्या यादीत कच्चा कापूसही होता. शेवटी वर्तमानपत्रं चुरगाळून भरली. "कागुद बी झाडाचाच की," चाचा म्हणाले, आणि त्यांनी मला ती यादी पुन्हा वाचायला लावली. कागद चालत होता. पेटीच्या एका फळीच्या कडेला बोटभर साल राहिली होती, तर त्यांनी ती फळीच बदलली.

शेवटचा वाद शेरा लिहायच्या रकान्यावरून झाला. मी तो रिकामा ठेवला होता. चाचा म्हणाले, "तितं लिवा, पैल्या भोपळ्यात अळी घावली, त्यो जाळला, ह्यो दुसरा हाय."

"असं लिहिलं तर त्यांना उगाच संशय येईल," मी म्हटलं. "हा तंबोरा स्वच्छ आहे. तेवढंच पुरे."

"संशय आला तर उगडून बगतील. बगू द्या."

मी ते वाक्य इंग्रजीत लिहिलं. पुढे त्यांच्या सांगण्यावरून हेही लिहिलं की ज्या खोलीत हे वाद्य झालं तिथले बाकीचे भोपळे तपासले आहेत. त्यांनी खाली उर्दूत सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

बोटीने जायला आणि पत्र यायला चार महिने लागले. नर्सबाईचं पत्र घेऊन चाचा कॉलेजात आले तेव्हा माझा तास चालू होता. मी मुलांना वाट पाहायला सांगितलं आणि व्हरांड्यात पत्र फोडलं. तिने लिहिलं होतं की बंदरावरच्या माणसाने तिच्यासमोर पेटी उघडली, तंबोरा काढला आणि फॉर्म वाचला. शेऱ्याच्या रकान्यापाशी तो थांबला, ती ओळ त्याने पुन्हा वाचली. तिला विचारलं, हे लिहिणारा माणूस कोण आहे? तिने सांगितलं. त्याने बॅटरीने बाहेरून सगळं पाहिलं आणि त्याच दिवशी तंबोरा तिच्या हवाली केला. घरी जाऊन तिने तारा जुळवल्या. सूर मिरजेत वाजायचा तसाच होता, असं तिने लिहिलं होतं.

चाचांनी मला शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग माझ्या वर्गाकडे बघून म्हणाले, "पोरं खोळांबल्यात," आणि चपला घालून निघाले.

त्यानंतर गल्लीतले इतर कारागीरही आपले फॉर्म घेऊन माझ्याकडे यायला लागले. पण चाचा यापुढेही गेले. बाहेरून येणारा भोपळा त्यांनी सरळ कारखान्यात घेणं बंद केलं. परसात एक पत्र्याची खोली केली आणि नवे भोपळे एक पावसाळाभर तिथे वेगळे ठेवू लागले. लोक हसले. दोन वर्षांत गल्लीत तशा तीन खोल्या झाल्या. मग त्यांनी मला मराठीत एक कागद करून द्यायला सांगितला. त्यात तीनच प्रश्न होते: भोपळा कुठल्या रानातला, किती दिवस वाळवला, आणि किडा दिसला का. तो कागद चाचा भीमेकाठच्या भोपळेवाल्यांना देत. ज्यांना लिहिता येत नसे ते शेजाऱ्याकडून लिहून घेत.

बहुतेकांच्या कागदावर 'किडा नाही' असंच येई. एकदा ते मुद्दाम सांगलीला आले आणि घडी घातलेला एक कागद माझ्यासमोर उलगडला. मोडक्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, 'दोन भोपळ्यात भुंगा हाय, त्यावर कोळशानं फुली मारली हाय.'

"बगा बाई," चाचा म्हणाले, "खरं लिवलंय."

असा चेहरा मी त्यांचा नर्सबाईच्या पत्राच्या दिवशीही पाहिला नव्हता. ते दोन भोपळे त्यांनी जाळले आणि पुढच्या हंगामापासून त्या माणसाच्या रानातले सगळे भोपळे आपल्यालाच द्यायचे, असं आधीच सांगून ठेवलं.