‘बघणे’, ‘पाहणे’ आणि मामा

जगातली निम्मी भांडणं ‘बघणे’ आणि ‘पाहणे’ यांत गल्लत केल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ रत्नागिरीत होते आणि ते नेमके माझे मामा निघाले. मराठी शाळेतून निवृत्त झाले तरी मामांनी शिकवणं सोडलं नव्हतं. विद्यार्थी तेवढे धरून आणावे लागत. “डोळे उघडे असले की बघणं होतं, पाहायला आत कुणी जागं लागतं,” हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून चव बघावी पण नाडी पाहावी, गंमत बघावी पण कुणाचा अंत पाहू नये. एकदा तापाने फणफणले असताना वैद्यबुवा “नाडी बघू” म्हणाले, तर मामांनी हात पांघरुणात ओढून घेतला. माझ्या लग्नाच्या वेळी आम्ही मुलगी ‘बघून’, पोहे खाऊन, पसंती कळवून परतलो तरी हे आपले त्या शब्दावर रुसून घरीच.

आळीतल्या बायकांचे नवरे मुंबईला गिरणीत. त्यांची पत्रं मामाच लिहीत. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला चार दिवस उरले असताना एक बाई धावत आली. सासूने अंथरूण धरलं होतं, मुलाचा धोसा घेतला होता आणि चिठ्ठी नेणारा शेजारी बंदरावर निघायच्या बेतात होता.

“लिवा गुरुजी, म्हातारी वाट बघत्येय, असाल तसे या.”

मामांची लेखणी थबकली. “वाट बघणं वेगळं, वाट पाहणं वेगळं. म्हातारीचं नक्की कोणतं?”

“तिचा जीव अडकलाय वो! कसा पण लिवा!”

मामांनी उदाहरणं सुरू केली. तिसऱ्या उदाहरणाला बोटीचा भोंगा ऐकू आला. बाई पदर तोंडाला लावून तिथेच बसली.

होडी नुसती दिसली तरी ज्यांना मळमळे, ते मामा दुसऱ्या दिवशी स्वतः बोटीत चढले. परळच्या चाळी धुंडाळून त्यांनी मुलाला गाठलं आणि शेवटच्या बोटीने आणलं. म्हातारी अजून होती. मुलाच्या तोंडावरून हात फिरवून तिसऱ्या दिवशी गेली. मामा त्या घरात पाऊल टाकायला धजले नाहीत.

त्यानंतर बायका सांगतील तसं ते मुकाट्याने उतरवून घेत. बायका खूश, पत्रं वेळेवर. ती बाई मात्र मजकूर सांगून झाला की मुद्दाम विचारी, “काय चुकला तर सांगा हां, गुरुजी.” पानात सात चुका असत. “एकही नाही, बाई,” असं म्हणून मामा पाकीट चिकटवत. त्या वेळी मला त्यांचं फार वाईट वाटे.