अविदादा आणि विसरभोळा कीबोर्ड

अविदादा गेल्याचं वहिनींनी मला कळवलं आणि मी मेधाला. मेधा घाटकोपरची, आमच्या टीममध्ये अर्जबिर्ज, पैशांचं वगैरे बघणारी. फोनवर ती म्हणाली, "देवरुख, असल्या गोष्टीवर नकला नको ना करूस." चूक तिची नव्हती. मी शाळेपासून कुणाच्या ना कुणाच्या आवाजात बोलत आलोय. त्या दिवशी स्वतःच्या आवाजात बोललो, तर तोच तिला खोटा वाटला... ऑफिसात अविदादाच्या छातीत दुखलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, हे मी तिला परत परत सांगत राहिलो. शेवटी ती थेट भांडुपला आली. त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला, तेव्हा तिचा विश्वास बसला.

अविनाश परब. दिवसा अंधेरीला नोकरी आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर मराठी टाइप करायचा फुकट कीबोर्ड. फुकट म्हणजे खरंच फुकट. जाहिरात नाही, आतला कोड सगळ्यांना उघडा, कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. आम्ही तीन टाळकी रविवारी त्यावर काम करायचो, बिनपगारी. त्याचा हट्ट एकच होता. तुम्ही काय लिहिता ते कीबोर्डने लक्षात ठेवायचं नाही आणि कुठे पाठवायचं तर नाहीच नाही. नेहमीचे शब्द सुचवायचे, पण एका ठरलेल्या यादीतून, सगळ्यांना सारखेच. बाकीचे कीबोर्ड आठवड्याभरात तुमच्या सासूचं नाव पाठ करतात. हा रोज सकाळी कोरा.

माझी त्याची ओळख तक्रारीतून झाली. मी देवरुखहून नुकताच वाकोल्याला येऊन पडलो होतो, फोनवर गिऱ्हाइकांची रड ऐकायची नोकरी. 'ळ' काढायला दोनदा बटण दाबावं लागतं म्हणून मी चांगलं लांबलचक मेल खरडलं. उत्तर आलं : रविवारी भांडुपला ये. तो सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे मीटिंग सोसायटीच्या ऑफिसात. एका कोपऱ्यात गणपतीच्या मंडपाचे पडदे, दुसऱ्या कोपऱ्यात एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मी बसलो तसं त्याने मला खालून वर बघितलं आणि मालवणीत विचारलं, "तुका काय व्हया?" सर्टिफिकेट हवंय, ओळख हवीय, नोकरी हवीय, असा त्याचा संशय. मी म्हटलं, "ळ." तो हसत सुटला. पुढच्या व्हर्जनला ळ पहिल्याच पानावर आला आणि मी कायमचा टीममध्ये. नाव मात्र देवरुखच पडलं.

प्रसिद्धी मी अंगावर घेतली. आमच्या पीटीच्या सरांच्या आवाजात रील केलं. सर वर्गात दरडावतायत, "मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिणारे, बाकावर उभे राहा." ते रील सुसाट चाललं. लोक वाढले, तशा तक्रारीही वाढल्या. कुणाच्या फोनवर मात्रा उडते, कुणाची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. त्या निस्तरायला एकटा अविदादा. "तू हसवतंस आणि शनिवार माझो जाता," म्हणायचा. मेधाचं म्हणणं, पैसे आणू, एखादा माणूस पगारावर ठेवू, नाहीतर एक दिवस तू आडवा होशील. तो म्हणायचा, पैशामागून मालक येतो. यावर मेधा एकदा भडकली. "मालक तर तू आहेसच की, अवि. सगळे पासवर्ड कोणाकडे आहेत?" ... तो उठला आणि पाण्याचा पंप बंद करायला गेला. अडचणीचा प्रश्न आला की त्याची टाकी नेमकी तेव्हाच भरायची. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही मेधाचं पटलं होतं.

मी त्याला रूममेटच्या फोनवरून छळायचो. कधी वांद्र्याचा मोठा साहेब, कधी फाउंडेशनची मॅडम. "मिस्टर परब, वी लव युअर कीबोर्ड." पहिल्यांदा फसला. नंतर सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "जेव नि झोप." फोन कट.

मग खरा साहेब आला. एका कंपनीचा, गोड बोलणारा, येताना बिस्किटांचा भारी डबा घेऊन. पैसे देऊ, माणसं देऊ, कीबोर्ड फुकटच राहील. फक्त लोक कोणते शब्द जास्त लिहितात तेवढं कळलं तर बरं. नावं नकोत, नुसते शब्द. मेधाचे डोळे चमकले. तो गेल्यावर अविदादा म्हणाला, "माझी आई मावशीक काय लिवता ता तेका कित्याक व्हया?" दोघं जोरदार भांडली. साहेब फोन करेल तेव्हा अविदादाने त्याला रविवारी सगळ्यांसमोर बोलवायचं, असं ठरलं.

रविवारी अविदादा पडेल चेहऱ्याने बसलेला. "वाट लागली रे. त्याचा फोन आला, माका वाटला तूच आसस. 'जेव नि झोप' म्हटलं नि ठेवला." साहेब गायब. मेधा माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. तुझ्या चाळ्यांमुळे सगळं गेलं, म्हणाली. मी मान खाली घालून ऐकलं. त्यानंतर लवकरच अविदादाने सगळे पासवर्ड मेधाला आणि मला देऊन टाकले. दोघांनी हो म्हटल्याशिवाय कीबोर्डमध्ये काही बदलणार नाही, अशी सोय केली. असं का केलं, ते तेव्हा कळलं नाही...

आता तो गेल्यावर साहेबाचा परत फोन आला, मला. दुःख व्यक्त केलं, आणि म्हणाला, "परब सर त्या दिवशी खूप वेळ बोलले हो. किती सभ्यपणे नाही म्हणाले." मी गार. म्हणजे ते 'जेव नि झोप' झालंच नव्हतं? मेधाशी भांडण नको म्हणून अविदादाने सगळं माझ्या नकलेवर ढकललं? की हा साहेबच थापा मारतोय, आमच्यात घुसायला? दोघांपैकी एक खोटं बोलला, एवढं नक्की. त्यातला एक आता विचारायला नाही आणि दुसऱ्याला विचारण्यात अर्थ नाही. साहेबाचं पुढचं वाक्य तयारच होतं. अविदादाचा फोटो असलेली खास आवृत्ती काढू, त्याच्या नावाने. शब्दांचं तेवढं... तुम्ही दोघं ठरवा.

मेधाला त्याच ऑफिसात भेटलो. फोनचं सगळं सांगितलं. ती आधी चिडली. "नालायक. मला सरळ सांगायचं ना अविने." मग मंडपाच्या पडद्यांकडे बघत बसली. मी तिच्या उत्तराची वाट बघत होतो. ती हो म्हणाली तर मी एकटा किती दिवस नाही म्हणणार होतो? शेवटी ती म्हणाली, "पण अवीक व्हया काय?" घाटकोपरची मालवणी, अगदी भिकार नक्कल. मी काही सुधारलं नाही. साहेबाला आम्ही 'नाही' म्हणून कळवलं, दोघांच्या सहीने. पगारी माणूस अजून नाहीच. शनिवार आता आमचे जातात.

हा लेख त्याच कीबोर्डवर लिहिलाय. 'अविदादा' इतक्यांदा लिहिलं, पण एकदाही नाव आपणहून पुढे आलं नाही. मेधा म्हणते, यादीत घालून टाक ना, एकच तर शब्द, मी हो म्हणते. मी यादी उघडलीही होती. मग आठवलं, यादी सगळ्यांची आहे, आणि खालून वर बघत तो काय विचारेल तेही आठवलं. बंद केली. दर वेळी 'अ' पासून सुरुवात करतो, अक्षर अक्षर दाबत शेवटपर्यंत जातो. कीबोर्डला काहीच आठवत नाही. म्हणून मलाच ते रोज लिहावं लागतं.