पापड्यांची सावली

सकाळी गच्चीत जुन्या साडीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आणि कावळे हाकायला धाकट्या लेकीला बसवलं. दुपारी बघते तर बाईसाहेबांनी कठड्याला दोऱ्या बांधून पापड्यांवर माझी नवी चादर ताणलेली! खाली पापड्या तशाच ओल्या, चिकट.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"केवढं ऊन आहे आई! करपल्या असत्या ना त्या."

मी कपाळावर हात मारला. सुट्टी लागल्यापासून माझा घसा कोरडा पडलाय, 'उन्हात बसू नका, सावलीत व्हा.' या घरात माझं ऐकतं कोण? ऐकलं एकदाचं, तेही पापड्यांसाठी. पोरगी स्वतः मात्र चादरीबाहेर, रणरणत्या उन्हात लालबुंद होऊन कावळे हाकत होती.