न लिहिलेली मासोळी

सत्तरच्या दशकात मी नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. प्रबंधाचा विषय होता कळमेश्वरच्या बाजूच्या एका तलावातल्या माशांच्या जाती. दर रविवारी पहिल्या एसटीनं तिथं जायचं आणि जाळी बाहेर आली की मासे निवडायचे. मासे ओळखायला मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं ते काठावर मासोळी निवडत बसणाऱ्या ढिवर या मासेमार समाजातल्या एका मावशीनं.

प्रबंध टाइप होऊन बांधून आला, तेव्हा मी तिला सांगायला गेले. तिनं दोन लहान मासोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. दोन्हींच्या शेपटीजवळ काळा ठिपका.

“ह्या येक नाही वं बाई. पाह्य, हिले मिशा हाये. तिले नाही.”

वर्षभर मी त्या दोन्ही एकच धरल्या होत्या. भिंग लावलं. एकीच्या ओठाशी केसासारख्या बारीक मिशा होत्या.

“लिवशीन ना?”

“लिहीन,” मी म्हणाले.

प्रबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. आता बदल करायचा तर धंतोलीतल्या टायपिस्टकडे पुन्हा जायचं आणि इतके दिवस हे दिसलं कसं नाही, ते सरांना सांगायचं. ओल्या फडक्यात घेतलेली मिशांची मासोळी वाटेत वास मारू लागली. मी ती एसटीच्या खिडकीतून टाकून दिली.

निकालानंतर प्रबंध दाखवायला गेले, तर मावशीनं शेजारणींना बोलावून आणलं. “माही मासोळी वाचून दाखव.” प्रबंध इंग्रजीत. मी मरळ या दुसऱ्याच माशाचं पान उघडलं आणि मनानंच मराठीत वाचलं : शेपटीजवळ काळा ठिपका, तोंडाला मिशा. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

पुढं मी प्राध्यापक झाले आणि विद्यार्थ्यांना त्याच तलावावर नेलं. मधल्या काळात तिथं रोहू-कटला या मोठ्या माशांचं बीज सोडलं होतं आणि मूळच्या लहान मासोळ्या कमी झाल्या होत्या. आम्ही तीन फेऱ्या केल्या. बिनमिशांची सापडली, मिशांची एकही नाही. नमुन्याशिवाय आता ती कुणी मान्य करणार नव्हतं.

मावशी थकली होती, पण काठावर होती. मी तिच्याजवळ बसले. “मावशी, ती मासोळी मी लिहिलीच नव्हती.”

तिनं हातातल्या जाळ्याचा गुंता सोडवला.

“मंग त्या दिशी काय वाचलं वं?”

विद्यार्थी हाका मारत होते, एसटीची वेळ झाली होती. मी उठले.