अर्ध्या तोंडाचा रंग

“सगळे दोष एकाच चेहऱ्यावर सापडले. या गं पोरींनो, जवळ या.”

मॅडम असं म्हणाली आणि ब्रशाच्या दांड्याने तिने माझ्या नाकावर टकटक केलं. मी खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती टॉवेल. बाजारात बैलाचे दात बघतात तशी तिने माझी हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. बैल निदान विकत तरी घेतात.

नंदुरबारात बायकांना पार्लरचं काम शिकवायचा वर्ग निघाला होता. माझी नात अंजू तिथे जायची. मॅडम नाशिकहून आलेली. त्या दिवशी प्रत्येकीने रंगवायला घरातलं एक माणूस आणायचं होतं. कोणी वहिनी आणली, कोणी मावसबहीण. आमच्या पाड्यावर त्या दिवसांत कोण सापडणार? अंजूची आई, काकू, बहिणी, सगळ्या ऊस तोडायला गुजरातेत. मागे म्हाताऱ्या आणि कोंबड्या. म्हणून मी विसरवाडीहून जीप धरून तिच्याबरोबर गेले. पोरीचं शिकणं अडायला नको, एवढ्यासाठी.

म्हातारीला बघून मॅडमने आधी आठ्या घातल्या. मग तिच्या लक्षात आलं की शिकवायला मी फार सोयीची आहे.

“नाक बसकं. दोन्ही बाजूंनी गडद रेघ, मधून उजळ, म्हणजे उभं दिसेल. जबडा बघा, पुरुषी. कोपरे गडद करायचे, म्हणजे चेहरा निमुळता होतो. डोळे बारीक, आतल्या कोपऱ्यात पांढरं द्यायचं. ओठ जाड, रेघ आतून ओढायची. आणि रंग तर...”

रंगाचं तिने पुढे सांगितलं नाही. हसली. पोरी हसल्या.

माझा जबडा पुरुषी. असेल. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन उतार उतरताना दात आवळावे लागतात. त्याने झाला की आईकडून आला, मला माहीत नाही. आजवर त्याचा कोणाला त्रास झाला नव्हता. मॅडम वाकली की मला तिची मान दिसायची. तोंड एका रंगाचं, मान दुसऱ्या. कानापाशी घामाने थर फाटलेला. आणि ही मला दुरुस्त करणार.

मग तिचं बोट माझ्या हनुवटीवर आलं. “आणि हे डाग.”

डाग नव्हेत. गोंदण आहे. हनुवटीवर तीन ठिपके, डोळ्याच्या कडेला पाखराच्या पायासारखी खूण. लग्नाआधी यात्रेत गोंदलेलं. गोंदणारी सुया टोचत होती आणि आईने माझं डोकं मांडीत दाबून धरलं होतं. आम्ही भिल्ल. आमच्यात बाई मेली की तिच्या अंगावरची चांदी काढून घेतात. ती लेकी-सुनांना राहते. गोंदण तेवढं तिच्याबरोबर जातं. पलीकडे आपली माणसं त्यावरून ओळखतात, असं आई सांगायची. मी काही बघून आलेले नाही. पण माझं म्हणावं असं अंगावर तेवढंच आहे.

“निळसर डागावर आधी नारंगी. त्यावर त्वचेचा रंग. थापायचं, घासायचं नाही.”

तिने थापलं. माझी डावी बाजूच तेवढी रंगवली. फरक कळावा म्हणून उजवी तशीच ठेवली. मग माझ्या हातात आरसा दिला आणि मोबाइलने फोटो काढला. विचारलं नाही. आरशात अर्धी बाई दुसरीच कोणी होती. पिठाच्या रंगाची. हनुवटीवरचा एक ठिपका उरलेला, दोन गेलेले.

“सांगा, कोणती बाजू छान?”

“डावी!” सगळ्या ओरडल्या.

बागायतदाराची एक पोरगी टाळी वाजवत म्हणाली, “माय वं! हाई बाजू मालकीण शे, अन ती बाजू निंदाले येनारी!”

हशा पिकला. मॅडमला अहिराणी कळली नाही, तरी ती हसली. हसण्यापुरतं कळत असावं. त्या पोरीच्या घरच्यांसारख्यांच्या कापसात मी उभा जन्म निंदणी केली आहे, तण काढलं आहे. सरक म्हटलं की सरकले, बस म्हटलं की बसले. त्यामुळे ते बोलणं मला नवं नव्हतं. मी तशीच बसले असते. दुसरी बाजूही रंगवून घेतली असती आणि घरी जाऊन राखेने तोंड धुतलं असतं.

पण मॅडमने अंजूला पुढे ओढलं. “तू सांग ना. तुझं नाक तर अगदी आजीचंच आहे. उद्या तुझ्यावरच हे करून दाखवते. कोणती बाजू?”

अंजूने खाली बघितलं. “डावी,” म्हणाली.

आणि तिने नाकावर हात ठेवला.

तो हात मी घरी कितीदा पाहिला होता. फोटो काढताना, पाहुणे आले की, हसताना. मला वाटायचं, लाजते पोरगी. वयात आली आहे. तिथे त्या खुर्चीत मला कळलं, ती लाजत नव्हती. लपवत होती. माझं नाक लपवत होती, माझ्या आईचं लपवत होती. आणि इथे तिला ते नीट लपवायचं शिक्षण देत होते.

मॅडम स्पंज घेऊन उजव्या बाजूला आली. मी तिचं मनगट धरलं.

“पुसा.”

“अहो आजी, अर्धंच झालंय अजून.”

“अर्धं झालं ते पुसा.”

“बरं बाई. अंजू, पूस गं हिचं.”

अंजू उठली. मी म्हणाले, “ती नाही. लावलं तुम्ही, पुसायचं तुम्ही.”

मी मनगट सोडलं नाही. मोळ्या वाहिलेला हात आहे, तिला सोडवता येईना. मॅडमने दुसऱ्या हाताने ओला कपडा घेतला आणि पुसू लागली. आधी पिठाचा थर गेला, मग नारंगी. मी आरसा धरून होते. दोन्ही ठिपके वर आले तेव्हाच मी हात सोडला. फोटोही पुसायला लावला, माझ्यासमोर.

पाड्याजवळ जीपमधून उतरल्यावर अंजू म्हणाली, “आता मॅडम मला काही शिकवणार नाही. तुझ्यामुळे.”

“शिकवेल. त्यासाठीच ती आली आहे.”

“तू येऊ नको उद्या.”

मी गेले. अंजू पुढच्या सीटवर, मी मागच्या. आता रोज जाते, वर्गात दाराशी बसते. मॅडम माझ्याकडे बघत नाही. तिने अंजूला त्या खुर्चीत बसवलेलं नाही आणि मी बसू देणार नाही. रंग लावायला अंजूने शिकावं, पोट त्यावर भरावं, माझी ना नाही. पण तिच्या नाकाला कोणी दोष म्हटलं की मी उठणार आणि त्याच माणसाला ते बोलणं सगळ्यांसमोर मागे घ्यायला लावणार.

अंजू अजून माझ्यावर चिडलेली आहे. हातही अजून नाकावर जातो. जाऊ दे. तिला मी एकच सांगून ठेवलं आहे. मी मेले की चांदी काढून घे, सगळी तुझी. माझ्या तोंडाला पावडर लावायला कोणी आली तर तिचं मनगट धर.