इंग्रजीच खारी हाय!

पेणच्या खाडीकाठचं आमचं घर मिठागरावर राबणारं. आई डोक्यावरून मिठाची पाटी वाहायची आणि संध्याकाळी पायांच्या भेगांना खोबरेल चोळत ओटीवर बसायची. भेगेत मीठ शिरलं की काय होतं ते ज्याला माहीत नाही, त्याला सांगूनही कळायचं नाही. मी गावातली पहिली बी.ए., तीही इंग्रजी घेऊन. पण डिग्री काही शिजवून खाता येत नाही. आईने त्या वर्षी सरळ सांगून टाकलं, "गो, पावसाळाभर शोध नोकरी. नाय मिळाली तर मीठ पिकायला लागलं की माझ्यासंगती पाटी घ्यायची." रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं. मला पाटी नको होती. खरं सांगायचं तर मला तिचे पाय नको होते.

श्रावणात रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची जागा निघाली. आईची ठेवणीतली साडी नेसून एसटीने नागोठण्यावरून रोह्याला पोचले. टेबलापलीकडे संस्थेचे अध्यक्ष, हेडमास्तर आणि मुलाखतीसाठी पुण्याहून बोलावलेले इंग्रजीचे एक प्राध्यापक. मी घाबरले की माझ्या 'आहे'चं 'हाय' होतं, आणि मग इंग्रजीलाही तोच हेल चढतो. व्हायचं तेच झालं. प्राध्यापक खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, तुमच्या इंग्रजीला मिठागराचा वास येतो हो!" अध्यक्ष खो खो हसले.

अस्सा संताप आला म्हणून सांगू! नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं, पण हा माणूस हसत घरी जाता कामा नये.

"येणारच सर," मी म्हटलं. "इंग्रजीच खारी हाय."

मग मी सुटलेच. पेणच्या वाचनालयातला जाडजूड शब्दकोश मी कथा-कादंबरीसारखा वाचलेला, आणि घरचा धंदा म्हणून मिठाचं पान तर पाठच होतं. लॅटिनमध्ये मीठ म्हणजे 'साल'. मीठ लावलेला पाला तो सॅलड. खारवलेलं कालवण तो सॉस. मीठ घालून टिकवलेलं मांस ते सॉसेज, जे मी अजून चाखलेलं नाही आणि चाखायची इच्छाही नाही. "आणि सर, तुम्ही महिन्याच्या महिन्याला घेता ती सॅलरी, तीही मिठाचीच. जुन्या रोमन शिपायांना मीठच देत की मिठासाठी पैसे देत, यावर विद्वानांचं अजून भांडण आहे. पण शब्दात मीठ आहे यावर कुणाचंच नाही."

प्राध्यापक सावरून बसले. "बरं. मग मीठदाणीला सॉल्ट-सेलर का म्हणतात? सेलर म्हणजे तळघर. मिठाचं तळघर टेबलावर कसं काय ठेवतात?"

तो खिंडीत गाठायलाच बसला होता. एवढ्यात बाहेरच्या बाकावर शिपायाने चहात बुडवायला आणलेला पाव दिसला, आणि शब्दकोशातली ती ओळ लख्ख आठवली.

"ते तळघर नव्हेच सर. 'सेलर' हा वेगळाच जुना शब्द, त्याचाच अर्थ मीठदाणी. पुढे लोक अर्थ विसरले आणि त्याला आणखी एक मीठ चिकटवून बसले. आपण पावरोटी म्हणतो ना, तसं. पोर्तुगीजांचा पाव म्हणजेच रोटी. आपण रोटीलाच रोटी जोडली आणि मिटक्या मारत खाल्ली."

हेडमास्तरांनी टेबलावर अशी थाप मारली की कपबशा वाजल्या. "अहो, पावरोटी! पावरोटी!" ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. प्राध्यापकही हसले, आणि मोठ्या मनाने म्हणाले, "हरलो बाई." अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "सोमवारपासून याल ना?"

परतीच्या एसटीत आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या. कंडक्टरलाही सांगितलं. नागोठण्याला चढलेल्या एका अनोळखी आजींनाही सांगितलं.

घरी आई बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. मी अंगणातूनच ओरडले, "आये, लागली गो नोकरी!"

"पगार देतील ना?"

"देतील तर! इंग्रजीत त्याला सॅलरी म्हणतात. मूळचा अर्थ काय, ठाऊक हाय? मीठ!"

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"म्हंजे जन्मभर मी डोक्यावर सॅलरीच वाहिली म्हण की गो!"

"वाहिलीस. आता पुरे. आता मी आणते."

मीठ पिकायला लागलं तेव्हा मिठागरावरून तिला बोलावणं आलं. तिने ओटीवरूनच सांगितलं, "पाटी मोकळी नाय." खोटं नव्हतं ते. तिच्या पाटीत आम्ही कोंबडी अंड्यांवर बसवली होती.