गोमतीबाईंनी परत पाठवलेला फलक

अनसिंगच्या गोमतीबाई मळ्यात मेथी, वांगी पिकवतात आणि वाशीमच्या बाजारात बसून विकतात. त्यांचा एकुलता एक मुलगा दिनेश सीमेजवळच्या एका गावात हॉटेलात स्वयंपाकी होता. लढाई पेटली तेव्हा त्याचा फोन आला.

"आई, गावाकडं निंगून येऊ का? पन इथले सरकारी सायेब म्हनतात, काई होत नाई."

सायबाच्या शब्दावर विश्वास ठेवायची चूक त्यानं केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तोफगोळा हॉटेलच्या भटारखान्यावर पडला.

संध्याकाळी टीव्हीवर एक अधिकारी उगवला. भांग नीट पाडलेला, चेहरा सुतकी. म्हणाला, "वारंवार सूचना देऊनही काही नागरिक बाहेर फिरत होते." खाली मृतांची नावं सरकत होती. त्यात दिनेश. म्हणजे पोरगा मेला तो स्वतःच्या उनाडपणानं. सरकार बिचारं ओरडून ओरडून घसा बसवून घेत होतं!

गोमतीबाईंना ते खरंच वाटलं. कित्येक दिवस त्या मेलेल्या लेकावरच चिडून राहिल्या. "काहून फिरला असन हा?"

मग रिठदचा हरीओम कुबड्या टेकत घरी आला. तो त्याच हॉटेलात वाढपी होता.

"काकू, कायची सूचना? आमीच सायबाच्या हापिसात जाऊन इचारलं, गाव सोडाव का म्हनून. त थे म्हनले, घाबरू नोका, आमच्या मीटिंगचं जेवन पाठवा. दिनेश त्याइच्याच रोट्या शेकून राह्यला होता."

गोमतीबाई त्याला घेऊन वाशीमच्या कचेरीत गेल्या. मागणं एवढंच, "माहा पोरगा फिरत नोता, हे एक डाव टीव्हीवर सांगा." साहेबांनी चहा मागवला, मान हलवली आणि विषय वरचा असल्याचं सांगितलं. वरच्यांनी तो आणखी वरचा असल्याचं सांगितलं. खोटं सांगायला कुणाची परवानगी लागली नव्हती. खऱ्यासाठी मात्र दिल्लीपर्यंत जिना.

निवडणूक जवळ आली तेव्हा वरचे आपणहून खाली आले. अनसिंगला मांडव उभा राहिला. एका नेत्यानं 'वीर दिनेश प्रवेशद्वार' असा फलक आणला आणि भाषणात तीनदा डोळे पुसले. गोमतीबाईंच्या ओटीत साडी-नारळ घालायला तो वाकला, तशी त्यांनी ओटी आवरली.

"वीर कसा झाला रे तो? तुह्या सायबानं त त्याले उनाड म्हनलं."

"आई, मी तुमच्या भावना समजतो..."

"भावना ऱ्हाऊ दे. तो फिरत होता का चुलीपाशी होता, थे सांग."

नेत्यानं कलेक्टरकडे पाहिलं, कलेक्टरनं तहसीलदाराकडे, तहसीलदारानं माईकवाल्याकडे. माईक बंद झाला. पण हरीओमचा आवाज मोठा होता. त्यानं सगळं सांगितलं, आणि मांडवातल्या बायका एकेक करून उठल्या. पुढच्या रांगेतला सरपंचही उठला. त्याला मतं मोजता येतात.

"चौकशी सुरू आहे," एवढं पुटपुटून नेता गाडीत बसला.

"हे बी घेऊन जा," गोमतीबाई म्हणाल्या. चौघांनी फलक उचलून मागच्या जीपमध्ये टाकला.

टीव्हीवरचं ते वाक्य अजून कुणी मागं घेतलेलं नाही. त्या अधिकाऱ्याला बढती मिळाल्याचं ऐकतो. पण गोमतीबाई आता लेकावर चिडत नाहीत. त्या दिवशी मांडवातून घरी येऊन त्या पहिल्यांदा त्याच्यासाठी मोकळेपणी रडल्या.